गाभारा आणि सभामंडप

देवळाचा गाभारा लहान असतो आणि सभामंडप मोठा. गाभाऱ्यात एका वेळी दोन-चार माणसांनाच जागा मिळते आणि तेथील आचाराचे नियमही कडक असतात. सभामंडपात मात्र सारा गाव बसू शकतो. गाभारा नसेल तर सभामंडपाची धर्मशाळा होते. आणि सभामंडप ओस पडला तर गाभाऱ्यातील समईला तेल घालणारे हात हळूहळू कमी होत जातात. गणित आणि भौतिकशास्त्र यांचे मूलभूत संशोधन करणाऱ्या संस्थांची अवस्था याहून वेगळी नाही. आत चालणारे काम फार थोड्यांना उमगते. पण ते काम टिकते मात्र बाहेर बसलेल्या समाजाच्या आस्थेवर.

हा विचार आज मांडण्याचे कारण महाराष्ट्राच्या दाराशी आले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी या प्रकल्पासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. मराठवाड्याच्या भूमीवर जागतिक दर्जाचा गाभारा उभा राहतो आहे. त्याला सभामंडप असणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना बंगळूरच्या एका संस्थेकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

बंगळूरचे केंद्र

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा इतिहास मोठा रंजक आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली तिचा आरंभ केला तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस आली आणि मुंबईचीच झाली. पुढे बासष्ट वर्षांनी, २००७ साली, याच संस्थेने सैद्धांतिक विज्ञानांसाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन केले आणि त्याच्यासाठी पुन्हा बंगळूरचीच निवड केली. मुंबईतील भौतिकशास्त्रज्ञ प्रा. स्पेंटा वाडिया हे या केंद्राचे संस्थापक संचालक. शहराच्या उत्तरेस, हेसरघट्टा परिसरातील शिवकोटे येथे केंद्राची स्वतःची वास्तू उभी राहिली आणि २०१५ साली तेथून कामकाज सुरू झाले.

या केंद्राचे वैशिष्ट्य असे की, त्याचे दार मुळातच बाहेरच्यांसाठी उघडे ठेवलेले आहे. देशातील वा परदेशातील कोणतेही संशोधक एखाद्या विषयावर कार्यक्रम घेण्याचा प्रस्ताव पाठवू शकतात. तज्ज्ञांची समिती त्यांतून निवड करते. मग काही दिवस, कधी काही आठवडे, त्या विषयातील मातब्बर मंडळी आणि देशभरातील विद्यार्थी एकाच आवारात राहतात. सकाळी व्याख्याने, दुपारी चर्चा आणि रात्री जेवणाच्या टेबलावर वाद असा दिनक्रम असतो. कृष्णविवरे, संख्यांचे गुणधर्म, पावसाचे गणित, पेशींतील हालचाली असे विषय एकामागून एक येत राहतात. सांख्यिकीय भौतिकीची बंगळूर शाळा २०१० पासून भरते आहे. गुरुत्वीय लहरींवरची उन्हाळी शाळा, तसेच गणित आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठीचे खास वर्गही येथे होतात. व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे विनामूल्य उपलब्ध करून दिली जातात.

अशा कार्यक्रमांची गरज का असते, हे अब्दुस सलाम यांच्या आयुष्यावरून ध्यानी यावे. केंब्रिजचे शिक्षण संपवून ते १९५१ साली लाहोरला परतले. बुद्धी तीच होती आणि उमेदही तीच होती. पण ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असा समविषयी माणूस आसपास नव्हता. तीन वर्षांत त्यांना पुन्हा इंग्लंड गाठावे लागले. त्या एकाकीपणाचे स्मरण ठेवून त्यांनी १९६४ साली इटलीतील त्रिएस्ते येथे सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारले. विकसनशील देशांतील संशोधकांना मायदेश न सोडता जगाच्या विचारप्रवाहात राहता यावे, हा त्यामागील हेतू होता. बंगळूरचे केंद्र त्याच कुळातले आहे. आपल्याकडील लहान विद्यापीठांतून एकट्याने झटणाऱ्या प्राध्यापकाला आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयातून वर आलेल्या विद्यार्थ्याला चार आठवडे मिळणारी ही संगत वर्षभराची शिदोरी ठरते.

याच्या जोडीला केंद्राचे लोकाभिमुख उपक्रम आहेत. चंद्रशेखर, रामानुजन आणि ट्युरिंग यांच्या नावांच्या व्याख्यानमाला आहेत. शाळकरी मुलांसाठी गणित मंडळे आहेत. रविवारी नगरवासीयांसाठी ‘कापी विथ क्युरिऑसिटी’ या नावाने होणारी व्याख्याने आहेत. दक्षिणेतील कॉफीच्या पेल्यासोबत जिज्ञासेची गाठ घालणारा हा उपक्रम बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाच्या सहकार्याने चालतो. मुंबईत मूळ संस्थेने २००९ पासून पृथ्वी थिएटरमध्ये ‘चाय अँड व्हाय’ हा असाच कार्यक्रम चालविला आहे. निवृत्त अधिकारी, गृहिणी, महाविद्यालयीन मुले अशी सारी मंडळी तेथे बसतात आणि निःसंकोच प्रश्न विचारतात.

पंचेचाळीस वर्षांची प्रतीक्षा

बंगळूरच्या त्या तारांगणाला एक वेगळाच अर्थ आहे. त्याचे संस्थापक संचालक प्रा. सी. व्ही. विश्वेश्वरा हे स्वतः थोर शास्त्रज्ञ होते. एखाद्या कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेप्रमाणे निनादेल आणि तो निनाद ठरावीक रीतीने क्षीण होत जाईल, हे त्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात गणिताने दाखविले. त्या वेळी कृष्णविवर प्रत्यक्षात असते की नाही, याविषयीच अनेक जाणकार साशंक होते. मग तो निनाद ऐकणार कोण?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी तो ऐकला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. ती घटना घडली होती एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी. तिच्यातून निघालेली लहर पृथ्वीवर पोहोचली तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला ही वार्ता कळली. संदेशाच्या अखेरच्या टप्प्यात विश्वेश्वरांनी वर्तविलेला निनाद होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेले समीकरण निसर्गाने जणू स्वहस्ते तपासून दिले. जानेवारी २०१७ मध्ये विश्वेश्वरा निवर्तले. ही वार्ता ऐकण्याचे भाग्य त्यांना लाभले, हे समाधान मोठे.

या यशात भारतीयांचा वाटा केवळ एका नावाचा नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातील प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी गोंगाटातून अतिक्षीण संदेश वेचून काढण्याच्या गणिती पद्धतींवर दशकानुदशके काम करीत होते. प्रा. बाला अय्यर यांनी युरोपीय सहकाऱ्यांसमवेत या लहरींचे रूप कसे असेल याचे बारकाईने गणित केले होते. पुढे ते बंगळूरच्या याच केंद्राशी जोडले गेले. शोधाच्या निबंधावर भारतातील अनेक संस्थांमधील संशोधकांची नावे होती, ती अशा मूक साधनेमुळे.

विश्वेश्वरांनी मात्र आणखी एक गोष्ट केली. कृष्णविवराचे गणित जाणणाऱ्या या माणसाने आयुष्यातील उमेदीची वर्षे तारांगणाला दिली. शाळेच्या मुलांना आकाश दाखविण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. गाभारा आणि सभामंडप यांचे काम एकच माणूस करू शकतो, याचे याहून उत्तम उदाहरण कोणते?

‘याचा उपयोग काय?’

ज्या देशात शेतकऱ्याच्या शेताला पाणी नाही, त्या देशाने दूरच्या कृष्णविवरांसाठी कोट्यवधी रुपये का वेचावेत, असा प्रश्न विचारला जातो. तो उर्मटपणाने झटकून टाकण्याजोगा नाही. कर भरणाऱ्या नागरिकाला तो विचारण्याचा अधिकार आहे. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी नम्रपणे दिले पाहिजे.

उत्तराचा पहिला भाग व्यवहाराचा आहे. रामानुजन यांचे गुण पारखणारे केंब्रिजचे गणिती हार्डी यांना आपले संख्यांचे गणित व्यवहारात निरुपयोगी असल्याचा अभिमान होता आणि १९४० साली तो त्यांनी लिहूनही ठेवला. चार दशकेही उलटली नाहीत तोच, १९७७ साली, मूळ संख्यांच्या गुणधर्मांवर आधारलेली गुप्तलेखनाची पद्धत जन्माला आली. बँकेचे व्यवहार आणि खासगी संदेश सुरक्षित ठेवण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी तंत्रे त्याच गणिताच्या पायावर वाढली. मोटारीतील मार्गदर्शक यंत्राची कथाही तशीच आहे. उपग्रहावरील घड्याळ आणि जमिनीवरील घड्याळ यांत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार तो दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात ठिकाण कित्येक किलोमीटरने चुकेल. उपयोग असतो, पण तो मागणीनुसार आणि मुदतीत मिळत नाही. पेरणाऱ्याच्या नातवाला फळ मिळते. आंब्याचे झाड लावणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागू नये.

उत्तराचा दुसरा भाग स्वावलंबनाचा आहे. १९४४ साली टाटा विश्वस्त निधीस लिहिलेल्या पत्रात भाभांनी बजावले होते की, अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. त्या वेळी जगात अणुशक्तीवर चालणारे एकही वीजकेंद्र नव्हते आणि भारत पारतंत्र्यात होता. मूलभूत संशोधनाची परंपरा आधी घडवावी लागते, मगच संकटकाळी ती उभी राहते, हे त्या द्रष्ट्याने ओळखले होते. त्या मानाने आपण आज कोठे आहोत? २०२०-२१ साली भारताचा संशोधन व विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियासारखा लहान देश चार टक्क्यांहून अधिक खर्च करतो. महासत्तेची भाषा बोलणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. सरकारच्या तिजोरीइतकाच आपल्या उद्योगपतींच्या औदार्याचाही यात दोष आहे.

युक्ती आणि भाषा

बंगळूरच्या केंद्रातील एका व्याख्यानगृहास माधवाचे नाव दिलेले आहे. चौदाव्या शतकात केरळातील संगमग्राम येथे होऊन गेलेल्या या गणितज्ञाने वर्तुळाचा परीघ अनंत श्रेणीच्या साहाय्याने काढण्याची रीत शोधली. युरोपात तीच श्रेणी सतराव्या शतकात ग्रेगरी आणि लाइबनिझ यांच्या हाती लागली. अशी माहिती वाचली की आपली छाती अभिमानाने फुगते आणि ते योग्यच आहे. परंतु बहुधा आपण तेथेच थांबतो. ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते’ एवढे म्हणून चहाचा पेला उचलतो.

माधवाच्या परंपरेने मात्र तेथे थांबणे मान्य केले नाही. त्याच्या शिष्यशाखेतील ज्येष्ठदेवाने १५३०च्या सुमारास ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ लिहिला. या ग्रंथाच्या नावातच त्याचे मर्म आहे. युक्ती म्हणजे उपपत्ती, सिद्धता. गुरूंनी सांगितले म्हणून सूत्र खरे मानू नका, ते खरे का आहे ते पाहा, असा त्याचा बाणा आहे. आणि भाषा म्हणजे लोकांची भाषा. हा ग्रंथ संस्कृतात लिहिलेला नाही, तो मल्याळममध्ये आहे. जगातील अत्युच्च प्रतीचे गणित सिद्धतेसह मातृभाषेत सांगण्याचे कार्य या भूमीत पाच शतकांपूर्वी झाले. पूर्वजांचा वारसा सांगायचा असेल तर तो या दोन्ही अंगांनी सांगितला पाहिजे. सिद्धतेवाचून केलेला अभिमान हा माधवाचा वारसा नव्हे. आणि मातृभाषेला पाठ दाखविणारी विद्वत्ताही ज्येष्ठदेवाचा वारसा नव्हे.

महाराष्ट्रालाही असा वारसा आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ते गणित आणि ज्योतिषाचे संशोधन केंद्रच होते. लेख संस्कृतात आहे. पण त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातून व घाण्यावरून मठासाठी काय काय द्यावयाचे याची नोंद केलेली आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील तेल्याच्या घाण्यावरील तेल गणिताच्या अभ्यासासाठी जात होते आणि ते का द्यायचे हे त्याला कळेल अशा भाषेत दगडावर कोरून ठेवलेले होते. विद्येचा व्यय समाजाने सोसावा आणि विद्येने समाजाशी त्याच्या भाषेत बोलावे, हा करार आपल्याकडे इतका जुना आहे.

आज हा करार दोन्ही बाजूंनी सैल झाला आहे. विज्ञान केंद्रांची जाहीर व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत होतात आणि महानगरांतच होतात. अपवाद आहेत आणि ते गौरवाचे आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या आयुकाने शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू केली आणि ती मराठीतूनही दिली. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी विश्वरचनाशास्त्रात जागतिक कीर्ती मिळवूनही मराठीत कथा लिहिल्या, लेख लिहिले आणि विद्यार्थ्यांच्या पत्रांना उत्तरे दिली. नाशिकच्या २०२१च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, हा त्या मराठी लेखनाचाच सन्मान होता. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांची जागा घेणारा कोण, हा प्रश्न केवळ खगोलशास्त्राचा नाही, तो मराठीचाही आहे. १९६६ पासून कार्य करणारी मराठी विज्ञान परिषद एकटी हा भार किती वाहणार?

दुसऱ्या बाजूला समाज आहे. व्याख्यानमालांची परंपरा महाराष्ट्राइतकी क्वचितच कोठे असेल. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. परंतु गावोगावच्या व्याख्यानमालांतून राजकारण, व्यक्तिमत्त्व विकास आणि विनोद यांना जेवढी जागा मिळते, तिच्या दहाव्या हिश्श्याने तरी गणिताला मिळते काय? आणि घरांचे काय? मुलाला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे क्लासची पायरी, प्रवेश परीक्षा आणि परदेशातील नोकरी एवढेच येते. त्याने गणितच शिकायचे म्हटले तर घरात सुतक पडल्यासारखे वातावरण होते. हीच मंडळी नंतर भारताला विज्ञानाचे नोबेल का मिळत नाही, असे तावातावाने विचारतात.

औंढ्याची कसोटी

लायगो-इंडिया या दशकाच्या अखेरीस कार्यान्वित व्हावी असे उद्दिष्ट आहे. तेथील यंत्रे सांभाळण्यास अभियंते लागतील, विदा वाचण्यास गणिती लागतील. ही माणसे कोठून येणार? परभणी, नांदेड, हिंगोलीची मुले तेथे संशोधक म्हणून आत जाणार, की त्यांचे आईबाप केवळ कुंपणावरील पहारेकरी होणार? २६०० कोटींच्या खर्चाइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

याचे उत्तर आताच घडविले पाहिजे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या आवारात विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आसपासच्या शाळांची मुले तेथे येऊन प्रयोग करतात. औंढ्यास असे केंद्र वेधशाळेच्या आधी सुरू व्हावे आणि त्याची भाषा मराठी असावी. फार दूर जाण्याचेही कारण नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि खेड्यापाड्यांच्या शाळांतील मुले आपापली उपकरणे घेऊन येतात. जत्रेसारखी गर्दी होते. त्या गर्दीतून सगळेच शास्त्रज्ञ होत नाहीत, व्हावेत अशी अपेक्षाही नाही. पण त्या दुर्बिणीविषयी परिसराला आपलेपणा वाटतो, हे थोडके नव्हे.

प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने वर्षातून एक व्याख्यान गणिताचे वा भौतिकशास्त्राचे ठेवावे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतील एक संध्याकाळ विद्येच्या देवतेसाठी खऱ्या अर्थाने राखावी. महाराष्ट्रातील संशोधन संस्थांनी आपल्या जाहीर कार्यक्रमांत मराठीला मानाचे पान द्यावे आणि वर्षातून काही वेळा तरी पुणे-मुंबईची वेस ओलांडावी. तरुण संशोधकाने अशा व्याख्यानासाठी खर्च केलेला दिवस त्याच्या कामात गणला जावा. आणि कुटुंबांनी, किमानपक्षी, मुलाचा ‘का?’ हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून दडपून टाकू नये. यांतील कशालाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. इच्छा मात्र लागते.

औंढा नागनाथाची एक आख्यायिका मराठवाड्यात लहानथोरांस ठाऊक आहे. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करण्यास मज्जाव झाला आणि ते मागील बाजूस जाऊन उभे राहिले. तेव्हा सारे देऊळच फिरले आणि देवाने भक्ताकडे तोंड केले. त्याच औंढ्याच्या परिसरात आता विश्वाचा नाद ऐकणारे मंदिर उभे राहत आहे. त्याच्या मागच्या अंगाला मराठवाड्याची मुले उभी आहेत. या वेळी चमत्काराची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दार कोणत्या दिशेला ठेवायचे, हे माणसांनीच ठरवायचे आहे.